पॅराबाईंची शेवटची नोंद

आमच्या कोशाच्या कचेरीत एक जुना नियम होता. कोणतीही नोंद छापखान्यात जाण्याआधी लिहिणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची, आणि ऐकायला बसवायचं त्या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. समजलं नाही तिथे बोट वर करायचं, एवढंच. बोट वर झालं की ते वाक्य बदलायचं, मग ते कितीही विद्वत्तापूर्ण असो. पहिल्या संपादकांनी हा नियम घातला आणि त्यांच्यामागे कुणी तो मोडला नाही.

मी हिशेब खात्यातला. शिक्षण कॉमर्सचं, भाषेशी संबंध अर्ज लिहिण्यापुरता. म्हणजे ऐकणारा म्हणून मी अगदी लायक. पॅराबाईंच्या नोंदींसाठी माझी नेमणूक झाली तेव्हा माझे केस काळे होते. आता माझ्याही निवृत्तीची फाईल हलू लागली आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं. आमचा कोश ग्रीक भाषेतून युरोपभर पसरलेल्या शब्दांच्या तुकड्यांचा. असा तुकडा कुठून निघाला, कोणत्या भाषेत जाऊन कोणता अर्थ घेऊन बसला, हे आपल्या भाषेत समजावून सांगायचं. बाईंकडे उपसर्ग होते, म्हणजे शब्दाच्या पुढे लागणारे तुकडे. बाकीचे त्यांनी एकामागून एक हातावेगळे केले. ‘पॅरा’ मात्र वर्षानुवर्षं भिजत पडला. त्याच्या चिठ्ठ्यांचे लाकडी ट्रे त्यांच्या टेबलावरून खिडकीच्या कट्ट्यावर गेले, तिथून जमिनीवर आले. शिपाई झाडू मारताना म्हणायचा, “पॅराबाई, पाय वर घ्या.” तेच नाव पडलं.

माझी पहिली बैठक मला आठवते. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळ, शेजारी’. एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या रेषा पॅरलल. जुन्या हस्तलिखितांत मजकुराच्या शेजारी समासात एक आडवी रेघ मारत, इथे नवं सुरू झालं हे दाखवायला. त्या रेघेचं नाव पुढे अख्ख्या परिच्छेदाला चिकटलं. दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा तो पॅरासाइट. सुरुवातीला हा शब्द मानाचा होता, देवळातल्या पंक्तीला बसणाऱ्यांचा. फुकट्यांनी तो बदनाम केला.

इथपर्यंत मी आरामात होतो. मग ‘विरुद्ध’ हा अर्थ आला आणि माझं बोट वर गेलं. शेजारचा माणूस एकदम विरुद्ध कसा झाला?

बाईंनी कागद खाली ठेवला. नियमाप्रमाणे त्यांनी मला समजावायचं नव्हतं, वाक्य बदलायचं होतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि बराच वेळ काही लिहिलंच नाही. मग म्हणाल्या, “हिशेबसाहेब, इथे माझंही घोडं अडलंय.”

ते घोडं वर्षानुवर्षं अडलेलंच राहिलं. शेजारी, मग शेजारून पुढे, मग पलीकडे, मग विरुद्ध, मग बिघडलेलं: हे सगळे अर्थ युरोपच्या भाषांत आहेत हे त्यांना ठाऊक होतं. एकातून दुसरा कसा निघाला ते माझ्यासारख्याला पटेल असं सांगता येत नव्हतं. शिवाय गोंधळ घालायला छत्र्या होत्या. फ्रेंचांची छत्री, स्पॅनिश लोकांची छत्री, विमानातून उडी मारायची छत्री, सगळ्यांच्या पुढे ‘पॅरा’. पण तो ग्रीक नव्हेच. तो लॅटिनकडून आलेला, ‘अडवणारा’ या अर्थाचा. पाऊस अडवणारा, ऊन अडवणारा, पडणं अडवणारा. आधीच्या कुणी हुशाराने दोन्ही घराण्यांच्या चिठ्ठ्या एकाच ट्रेमध्ये कोंबून ठेवल्या होत्या. त्या निवडण्यातच बाईंची काही वर्षं गेली.

पण वेळ खरा गेला तो घरी.

बाईंचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. स्वतःची शिकवणी होती, एक जुनी गाडी होती आणि शेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक होता. एके सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं काही महिन्यांनी परत आलं, जरासं जड, पण पूर्वीइतकंच तिखट. चालणं आलं नाही.

तेव्हापासून बाईंचा दिवस ठरून गेला. सकाळी उठून त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर बदलायची, खुर्चीत बसवायचं. मग दिवसाच्या मदतनीस मावशी आल्या की कचेरी. संध्याकाळी मावशी गेल्या की पुन्हा खुर्चीतून पलंगावर. यजमान अंगाने भारी. बाई किडकिडीत. कमरेला पट्टा बांधून त्या कचेरीत यायच्या आणि खुर्चीत बसताना आधी टेबलाला हात टेकायच्या. विचारलं तर “ठीक आहे” म्हणायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून याबद्दल यापेक्षा लांब उत्तर ऐकलं नाही.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. संचालकांनी बोलावून सांगितलं की हा खंड आता बंद करायचा. बाईंची निवृत्ती आणि खंडाची मुदत एकाच महिन्यात येत होती. संचालक वाईट माणूस नव्हता. तोही थकलेला होता आणि त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेला होता.

“बाई, शेजारी, पलीकडे, विरुद्ध. चार उदाहरणं. झालं. अर्धं पान पुरे.”

“आणि ‘बिघडलेलं’? आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘जास्त’? तिथे पोट फुटेस्तोवर खाण्यालाही हाच उपसर्ग लागतो.”

“कोण विचारणार आहे हो?”

“मी विचारतेय ना.”

संचालकांनी कपाळ चोळलं. “मुदतीच्या आत पूर्ण नोंद वाचून मंजूर झाली तर पूर्ण घेतो. नाही तर अर्धं पान. ते मी दुसऱ्याकडून लिहवून ठेवलंय.”

ते लिहवून ठेवलंय हे बाईंना लागलं. बाहेर आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं मी काय केलं याचं उत्तर अर्धं पान नाहीये, हिशेबसाहेब.”

दुसरी गोष्ट म्हणजे मावशींना एका दवाखान्यात कायमची नोकरी लागली. त्या रडल्या, यजमानांच्या पाया पडल्या आणि गेल्या. नवीन माणूस मिळेना. एक आली ती दोन दिवसांत पळाली, कारण यजमानांनी तिला चमचा कसा धरायचा यावर व्याख्यान दिलं. बाई रजा टाकून घरी बसल्या आणि ट्रे कचेरीत पडून राहिले.

शेवटी बाईंनीच विचारलं, बैठक त्यांच्या घरी घेता येईल का. मी ऐकणारा, मला काय, कुठेही ऐकेन. दोन ट्रे रिक्षात घालून मी गेलो.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पलंग, त्याच्याशेजारी चाकाची खुर्ची, छताला बांधलेली एक दोरी, धरून वळायला. जंतुनाशकाचा आणि इस्त्रीचा वास. यजमान खुर्चीत, केस नीट विंचरलेले. त्यांची मोठी बहीणही आली होती. ती भाजी निवडत बसली होती आणि एकंदर कुणावर तरी रागावलेली होती.

“या,” यजमान म्हणाले. “तुम्हीच ते बोट वर करणारे? इतकी वर्षं हिला अडवून धरलंत.”

“अहो, त्यांना बसू तरी द्या,” बाई म्हणाल्या.

वाचन सुरू झालं. मी नियमाप्रमाणे गप्प. पण यजमानांना नियम कोण सांगणार? पहिल्या पानावरच ते ओरडले, “ब्रेक!”

बाई थांबल्या. “काय झालं?”

“फार जोरात जातेयस. ती जेवणारी माणसं काय, त्या रेषा काय, शिकाऊ माणसाला कळेल का हे? पहिला गिअर टाक. मूळ अर्थ काय ते सांग.”

“शेजारी.”

“मग तसं म्हण ना. मी जन्मभर शेजारीच बसलो. चाक दुसऱ्याच्या हातात आणि जीव माझा.”

त्यांची बहीण म्हणाली, “आताही तेच चाललंय.”

बाईंनी पुढचं वाचलं. वाचता वाचता मला जाणवलं की एका जागी चिठ्ठ्यांचा क्रम चुकला. अर्थ ‘पलीकडे’पाशी आला आणि मध्ये काहीतरी गाळून बाई थेट मनोविकारांच्या नावांवर गेल्या. मी बोट वर केलं. पण यजमान माझ्या आधी बोलले.

“पॅरॅलिसिस कुठे गेला? तोही तुझ्या खात्यातलाच ना?”

बाई कागदाकडे बघत राहिल्या.

“वाच. मला काय त्याचं? मी आहेच की नमुना म्हणून.”

बाईंनी ट्रेच्या तळातून चिठ्ठी काढली आणि सपाट आवाजात वाचली. शेजारी, बाजूला, आणि सुटणं, सैल होणं. एका बाजूचं सैल पडणं. फ्रेंच, जर्मन, इटालियन, सगळीकडे हाच शब्द. इंग्रजीत तर तो दोनदा आला आहे, एकदा पूर्ण आणि एकदा ओळखू न येण्याइतका झिजून, ‘पॉल्सी’.

“बरोबर आहे,” यजमान म्हणाले. “सैलच पडतं. पुढे चल.”

बैठक तिथेच मोडली, कारण बहिणीने भाजीचं ताट बाजूला केलं आणि मुद्द्याला हात घातला. तिला कुठूनतरी कळलं होतं की बाईंनी एका शुश्रूषा केंद्रात चौकशी केली आहे.

“हे खरं का?”

“खरं आहे, ताई. महिना-दीड महिना. नोंद पूर्ण होईपर्यंत.”

“नवरा म्हणजे काय जुनं पुस्तक आहे, ठेवलं नेऊन कपाटात?”

“मग तुम्ही न्या ना तुमच्याकडे.”

“माझ्याकडे तीन जिने आहेत आणि गुडघे दोन्ही गेलेले. मला मेलीला कोण उचलतंय तेच बघते आहे मी!”

“म्हणून तर केली चौकशी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. एवढं थकलेलं भांडण मी आजवर पाहिलं नव्हतं. कुणालाच जिंकायची ताकद नव्हती.

मी उठायच्या बेतात होतो. यजमानांनी डाव्या हाताने मला बसायची खूण केली.

“साहेब, तुम्ही तिऱ्हाईत, म्हणून तुमच्यासमोर सांगतो. मला तिथे जायचं नाही. म्हाताऱ्यांचा बाजार असतो तो. खोकतात, रडतात. पण मी नाही गेलो तर हिची नोंद अर्धी राहील, आणि मग मी मरेपर्यंत ही मला काही बोलणार नाही. एक शब्द बोलणार नाही. तुम्हाला ठाऊक नाही ही न बोलता किती बोलते. त्यापेक्षा मी जातो.”

“मी कधी म्हटलं—” बाई म्हणाल्या.

“तेच सांगतोय त्यांना.”

बहीण पदराने डोळे पुसत आत गेली. बाई चिठ्ठ्या गोळा करत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी कमरेचा पट्टा तिथेच, आमच्यादेखत, सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. यजमान जाणार हे माझ्या लक्षात आलं.

केंद्रात पोचवायला मी गेलो नव्हतो. बाई दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या, टेबलाशी बसल्या आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मी त्यांना असं काम करताना पाहिलं की माझ्याच पाठीला रग लागायची. संध्याकाळी केंद्र, सकाळी कचेरी. छत्र्यांचं घराणं त्यांनी एकदाचं वेगळं करून स्वतंत्र नोंदीत बसवलं. मग मूळच्या अडलेल्या घोड्यापाशी आल्या. ते सुटलं तेव्हा कुणाला वाजतगाजत सांगितलंही नाही. एक दिवस माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “ऐकता का जरा?”

त्यांनी वाचलं. शेजारी असलेली वस्तू नेमकी जागेवर नसते. ती जागेच्या बाजूला असते. नेम धरला आणि बाण बाजूने गेला, तर तो जवळून गेला असंही म्हणता येतं आणि चुकला असंही. ग्रीक माणसाने या एका तुकड्यात दोन्ही ठेवलं. मनाच्या बाजूला गेलेलं मन म्हणजे पॅरानोइया, भ्रम. लोकमताच्या बाजूने निसटलेलं, म्हणून लोकमताच्या विरुद्ध भासणारं विधान म्हणजे पॅरडॉक्स. मापाच्या बाजूने पुढे गेलेलं ते जास्त. आजही ग्रीक माणूस घड्याळ सांगताना ‘पाचाला दहा मिनिटं कमी’ म्हणायला हाच शब्द वापरतो, पाचाच्या अलीकडे, जवळ पण पोचलेलं नाही.

माझं बोट टेबलावरच राहिलं. खरंच समजलं होतं.

“अजून एक आहे,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी धार आली. “एका गोष्टीच्या शेजारी दुसरी गोष्ट टाकायची, तुलना करायला. त्याला ग्रीकमध्ये याच उपसर्गाचा शब्द, ‘पाराबोले’. त्यावरून दाखला, दृष्टांत. दृष्टांत देणं म्हणजे बोलणं. फ्रेंच आणि इटालियन माणूस ‘बोलणं’ म्हणतो तो शब्द तिथूनच आला, आणि स्पॅनिश माणूस ‘शब्द’ म्हणतो तोही, ‘पालाब्रा’. पार झिजलाय, पण आत हाच बसलाय. अर्धा युरोप तोंड उघडतो तेव्हा हा उपसर्ग बोलतो. आणि हे अर्ध्या पानात घाल म्हणे!”

नोंद मंजूर झाली. संचालकांनी दोन उदाहरणं कापली, बाईंनी एक परत घातलं, आणि ते प्रकरण संपलं. कचेरीत चहा झाला, कुणी भाषण केलं नाही. बाईंच्या निवृत्तीचा समारंभ नंतर व्हायचा होता. त्यांनी ट्रे रिकामे केले, पुसले, एकावर एक ठेवले आणि मला विचारलं, “उद्या यांना आणायला जायचंय. येता का सोबत? गाडीत बसवताना एक माणूस लागतो.”

मी टॅक्सी ठरवली.

केंद्र एका शांत रस्त्यावर, जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. वरच्या मजल्यावर लांब वऱ्हांडा, आत एका रेषेत पलंग, प्रत्येकाच्या उशाशी छोटं कपाट. यजमान खिडकीपाशी खुर्चीत होते, समोर पत्त्यांचा डाव. त्यांचा जोडीदार एक निवृत्त शिंपी, कानांनी ठार बहिरा. यजमान त्याला ओरडून शिव्या देत होते आणि तो समाधानाने हसत होता.

“झालं का तुझं?” बाईंना पाहून त्यांनी विचारलं.

“झालं. पूर्ण छापणार आहेत.”

“तो सैल पडण्याचा?”

“तोसुद्धा आहे.”

“शाबास.” त्यांनी पत्ते खाली ठेवले. चेहरा उजळला होता, पण फक्त डावीकडे. उजवीकडे तो उजळायचा नाहीच.

बाईंनी कपाट उघडून कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली. बनियन, लुंग्या, लोकरी मोजे. यजमान बघत होते. पिशवी जवळजवळ भरली तेव्हा ते म्हणाले, “अगं, ऐक. मी इथेच राहतो म्हणतो.”

बाईंचा हात थांबला. “अजून काही दिवस?”

“नाही. राहतोच.”

“बाजार म्हणाला होतात ना?”

“बाजारच आहे. तो समोरचा रात्रभर आईला हाका मारतो. जेवण पाणचट आहे.”

“मग?”

मी वऱ्हांड्यात सरकलो, पण आवाज येतच होता.

“इथे मला दोन माणसं उचलतात. तगडी पोरं आहेत. उचलताना गप्पा मारतात, कुणाचं लग्न, कुणाची मॅच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. घरी तू उचलतेस तेव्हा तुझं तोंड माझ्यासमोर असतं.”

“मी कधी तक्रार केली?”

“नाही केलीस.”

“मग असं का म्हणता?”

“नाही केलीस म्हणूनच.”

मग बाई म्हणाल्या, “हे माझ्यासाठी म्हणताय की खरंच तुम्हाला इथे बरं वाटतं?”

“दोन्ही असेल. तू विद्वान आहेस, तू निवड. मला झेपत नाही इतका विचार. पण घरी नको. तू जरा झोप. वर्षभर झोप. रविवारी येत जा, नाही तर हा बहिरा जिंकतो आणि मला पत्त्यांत फसवलं म्हणून सांगायला कुणी नसतं.”

“ताई काय म्हणतील?”

“ताई बोलेल. तिला बोलू दे. तिचा तेवढाच व्यायाम.”

मी आत डोकावलो. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. रडत नव्हत्या. इतक्या वर्षांत ज्या कामासाठी त्या रोज पहाटे उठत होत्या ते काम कुणी हातातून अलगद काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्यात सुटका किती आणि काय गेलं ते किती, हे त्यांनाही कळत नसावं. शिंप्याने त्यांना पत्ते दाखवून “हुकूम कुणाचा?” असं मोठ्याने विचारलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग त्या उठल्या. पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावू लागल्या. बनियन वरच्या खणात, लुंग्या खाली. एका जोडीतल्या मोज्याला भोक दिसलं, तो त्यांनी पिशवीत परत टाकला, शिवून आणायला. यजमान नाक वर करून म्हणाले, “मोजे वरच ठेव. खालचा खण मला दिसत नाही.” बाईंनी मोजे वर ठेवले.

मी खाली गेलो. टॅक्सीवाला दार उघडून, मागची सीट झटकून तयार होता.

“पेशंटला आणायला हात देऊ का?” त्याने विचारलं.

“पेशंट नाही येत,” मी म्हटलं. “बाई येतील एकट्या. पण वेळ लागेल. तुम्ही जा, आम्ही दुसरी बघू.”